ऐकणाऱ्याच्या बाजूने

१० सप्टेंबर २०३३ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ‘सौम्य’ हे ॲप वापरणाऱ्यांची संख्या पन्नास लाख झाली. शनिवार असूनही कोल्हापुरातल्या त्या कार्यालयात झाडून सगळे हजर होते. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा पालटताच टाळ्या झाल्या, कोणीतरी शिट्टी मारली आणि साताऱ्याहून मागवलेल्या कंदी पेढ्यांचे खोके एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरू लागले.

चाचणी विभागाचा प्रमुख श्रेणिक चौगुले टाळ्या वाजवून झाल्यावर लगेच खाली बसला. वय एक्कावन्न, शिक्षण तंत्रनिकेतनातली इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, त्यानंतर बरीच वर्षे ध्वनिक्षेपकांच्या कारखान्यात गेलेली. वस्तूत खोट कुठे आहे ते शोधणे हाच ज्याचा धंदा, त्याला आनंदावर विश्वास ठेवायला थोडा वेळ लागतो.

“चौगुले सर, पेढा घ्या,” कंपनीची संस्थापक ऋतुजा इंगवले खोका पुढे करत म्हणाली. ती त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान होती. “आणि तोंड असं करू नका. कोणी म्हणेल, पेपर अवघड गेलाय.”

“सवय आहे चेहऱ्याची.”

“बरं, ऐका. फोन बनवणाऱ्या कंपनीची माणसं सोमवारी येतायत. त्यांचा एकच प्रश्न आहे. असली दीडशे ॲप बाजारात पडलीयेत, मग तुमचंच का चाललं? उत्तर तुम्ही द्यायचं.”

“चटकन उघडतं, असं सांगतो.”

“सगळीच उघडतात.”

“बॅटरी खात नाही. नेटवर्क कमी असलं तरी अडत नाही. सारखं काही विचारत बसत नाही.”

“ते त्यांना वापरून बघितलं की कळेल. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ते सांगा.”

श्रेणिकने पेढ्याचा तुकडा हातातच धरून विचार केला. “वापरणारा त्याला विसरतो,” तो म्हणाला. “एकदा फोनमध्ये घातलं की ते आहे, हेच लक्षात राहत नाही. चांगल्या चष्म्यासारखं.”

“बास! सोमवारी हेच बोला.”

त्या विसरण्यामागे बरेच विज्ञान होते. माणसाचा आवाज घशातल्या दोन स्वरतंतूंच्या कंपनातून निघतो. हे कंपन घड्याळासारखे नियमित कधीच नसते. एक आंदोलन किंचित लांबते, पुढचे किंचित आखडते, मध्येच थोडी हवा नुसतीच निसटते. शब्द कोणता ते जीभ आणि ओठ ठरवतात. बोलणारा रागावला आहे, थकला आहे, रडून आला आहे की सर्दीने बेजार आहे, ते या बारीक अनियमिततेतून कळते. ‘सौम्य’ने या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या. ओळखीच्या माणसाच्या पहिल्या काही कॉलमधले त्याचे सर्वांत शांत आणि निरोगी क्षण वेचून ते त्याच्या आवाजाचा साचा तयार करी आणि पुढे तो जे काही बोलेल ते त्या साच्यात नव्याने ओतून ऐकवी. हे सारे चाळीस सहस्रांश सेकंदांत, पापणी लवायच्या आत, आणि तेही ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये घडे. बोलणाऱ्याला काही घ्यावे लागत नसे, आणि त्याला ते कळतही नसे.

मुळात ते तक्रार निवारण केंद्रांत दिवसभर शिव्या खाणाऱ्या मुलींसाठी बनवले होते. तिथून ते घरोघरी कधी शिरले, हे कोणाला नीट सांगता आले नसते. वरिष्ठांच्या आवाजाला कंटाळलेले कारकून, सासूच्या फोनला धास्तावलेल्या सुना, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची जोडपी, सगळ्यांनी ते घेतले. सुरुवातीच्या चाचण्यांत, आवाज बदलला जात असताना पडद्यावर एक निळी खूण उमटत असे. लोक ती खूण पाहून अस्वस्थ होत आणि ॲप काढून टाकत. ती खूण वगळावी, ही शिफारस श्रेणिकचीच होती.

त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये ‘सौम्य’ दोन वर्षे होते. पहिल्यांदा कार्यालयाचा नियम म्हणून, आणि नंतर अक्कामुळे.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण राजमती. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवले. शिरोळच्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आता एकटी राहणारी. तिचा आवाज मागच्या बाकावरच्या पोरापर्यंत पोहोचण्यासाठीच घडला होता आणि फोनवरही तो तिथवरच पोहोचे. पूर्वी त्यांचे कॉल तिसऱ्या मिनिटाला भांडणावर येत. ‘सौम्य’ आल्यापासून दोघे निवांत गप्पा मारत. कोल्हापूर ते शिरोळ हे अंतर गाडीने तासा-सव्वातासाचे. पण फोनवरच सगळे इतके गोड चालले होते, की श्रेणिकचे जाणे-येणे आपसूक कमी झाले होते.

त्या दिवशी पेढा तोंडात टाकणार, तोच तिचा फोन आला. तो बाहेरच्या व्हरांड्यात गेला. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपून क्षमावणी आली होती. या दिवशी जैनांच्या घराघरांतून सगळे एकमेकांची क्षमा मागतात, आणि शब्द सगळ्यांचे तेच असतात.

“श्रेणिक, उत्तम क्षमा. वर्षभरात जाणता-अजाणता तुझं मन दुखावलं असेल, तर क्षमा कर.”

“उत्तम क्षमा, अक्का. खरं तर मी आधी करायला हवा होता फोन.”

“तुझी वाट बघत बसले तर दिवाळी उजाडंल. तिकडं गलका कसला चाललाय?”

“पन्नास लाख झाले आमचे.”

“काय?”

“माणसं गं. ॲप वापरणारी.”

“बरं बाई. त्यातल्या एकाला तरी कधी जेवायला बोलावलास का?” ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, “एक विचारायचं होतं. तू आवाजातला माणूस. माझा घसा बसलाय का रे? जुलैपासनं चरचरतोय. देवळात दहा दिवस वाचन केलं, त्यानं आणखी बिघडला म्हणतात सगळे. शेजारची कुसुम तर मागंच लागलीय, मिरजेला दाखवून ये म्हणून.”

श्रेणिकने दुसऱ्या कानात बोट घातले आणि चाचणीला बसल्यासारखे मन लावून ऐकले. आवाज भरदार, मोकळा, अगदी नेहमीसारखा होता.

“मला तर स्वच्छ ऐकू येतोय.”

“नक्की? मला माझाच ओळखू येईना झालाय.”

“अक्का, आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून ऐकू येतो. म्हणून तो वेगळा वाटतो. हवेतून दुसऱ्याच्या कानावर पडतो, तो खरा. आणि तो मी ऐकतोय ना आत्ता!”

“मग कुसुमचेच कान तपासायला पायजेत.”

“तेच कर.”

“राहू दे मग मिरज. उगाच नाकातनं नळ्या घालून घ्यायच्या.”

हाडांतून जाणाऱ्या ध्वनीबद्दल त्याने सांगितले, ते शास्त्राला धरून होते. सांगताना एकच गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. ती न येणे हाच त्या ॲपचा गुण होता, आणि काही मिनिटांपूर्वी त्यानेच तो नेमका ओळखून दाखवला होता. फोन ठेवून तो आत गेला आणि राहिलेला पेढा खाल्ला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जयसिंगपूरला एका चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. त्या वर्षीची भाऊबीजही फोनवरच झाली होती. मंडपात अक्षता वाटल्या जात असताना श्रेणिकच्या मागून कोणीतरी “श्रेण्या” अशी हाक मारली. आवाज दगडावर पत्रा घासावा तसा होता. लहानपणच्या नावाने हाक मारणारा हा कोण म्हातारा, असे वाटून त्याने वळून पाहिले.

अक्का उभी होती.

“काय बघतोस असा? जरीची साडी नेसले म्हणून ओळखली नाहीस?”

“अक्का, तुझ्या आवाजाला काय झालं?”

“काय झालं म्हणजे? हेच तर विचारलं होतं तुला. तूच म्हणालास स्वच्छ आहे म्हणून. कुसुम रोज टोकत होती. तिला म्हटलं, माझा भाऊ आवाजातला इंजिनियर आहे, तुझं काय ऐकू?”

मंडपात मंगलाष्टके सुरू झाली. श्रेणिकने खिशातल्या फोनला नुसता हात लावला आणि हात मागे घेतला. त्याने अक्काच्या हाताला धरले.

“चल.”

“कुठं? अरे, अक्षता तरी पडू देत. जेवण—”

“मिरजेला.”

मिरजेच्या रुग्णालयात डॉ. नसीमा बारगीर यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला. पडद्यावर दोन स्वरतंतू दिसले. एक हलत होता. दुसरा एका पांढरट गाठीखाली जखडून पडला होता. आठवड्याने गाठीतून काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल आला, आणि डॉक्टरांना असलेली कर्करोगाची शंका खरी ठरली.

“जुलैपासून आवाज बसलाय, आणि तुम्ही डिसेंबरात येताय?” डॉक्टरांनी विचारले. “तीन आठवड्यांवर गेला की दाखवायचंच असतं. घरात कोणाच्या कानावर आलं नाही?”

श्रेणिकने तोंड उघडले. त्याच्या आधी अक्का बोलली, “मी एकटीच राहते, डॉक्टर. मुलगा परदेशात. सगळी फोनवर असतात.”

“सप्टेंबरात आला असता तर किरणांच्या उपचारावर निभावण्याची बरीच शक्यता होती. आता स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज नाही वाचणार.”

बाहेरच्या बाकावर बसून श्रेणिकने अक्काला सगळे सांगितले. साचा कसा बनतो, शब्द त्यात कसे ओतले जातात, सगळे. ती पुढ्यातल्या फरशीकडे बघत ऐकत होती.

“म्हणजे दोन वर्षं फोनवर तू माझा आवाज ऐकलाच नाहीस?”

“शब्द तुझेच होते.”

“आणि मी तुला शिव्या घालत होते ते?”

“शब्द कळायचे. राग ऐकू यायचा नाही.”

“तरीच. मी म्हणत होते, हा एवढा शहाणा कसा झाला? उलटून बोलत नाही.” तिने पदराने तोंड पुसले. “सन्मतीच्या फोनमध्ये पण आहे हे?”

सन्मती हा तिचा एकुलता एक मुलगा. रॉटरडॅमच्या बंदरात अभियंता होता.

“आहे. मीच घालून दिलं होतं.”

अक्का उठली. “चल, गाडी काढ. अंधार पडायच्या आत घरी सोड मला.” रस्ताभर ती त्याच घासलेल्या आवाजात त्याच्या गाडी चालवण्याला नावे ठेवत होती. श्रेणिक ते सगळे ऐकत होता.

जानेवारीत तो ऋतुजासमोर बसला. त्याची मागणी मोजकी होती. साच्यापेक्षा आवाज सलग तीन आठवडे वेगळा राहिला, तर ॲपने ऐकणाऱ्याला तसे सांगावे.

ऋतुजाने शांतपणे ऐकून घेतले. “सर, तुमच्या बहिणीचं ऐकल्यापासून मला झोप लागलेली नाही. खरं सांगते. पण उद्यापासून आपण डॉक्टर व्हायचं का? शंभरातल्या नव्वदांचा घसा चहानं नाहीतर सर्दीनं बसतो. त्या सगळ्यांच्या घरच्यांना घाबरवायचं?”

“खरा आवाज आपल्या हातात येतो, ऋतुजा. आपण तो टाकून देतो. टाकण्याआधी एक शब्द सांगायला काय जातं?”

“सांगितलं की ॲप आहे हे आठवणार. आठवलं की लोक काढून टाकणार. सप्टेंबरात त्या फोनवाल्या माणसांना तुम्हीच हे समजावलंत ना?”

“हो.”

“त्यांनी करारात तुमचंच वाक्य घातलंय. जुलैपासून नव्या फोनमध्ये ‘सौम्य’ कारखान्यातूनच बसून येणार. चिन्ह नाही, बटण नाही. त्यांचं बघून इतर कंपन्याही मागायला लागल्यात.”

नव्या आवृत्तीच्या प्रमाणपत्रावर श्रेणिकची सही लागणार होती. त्याने ‘गंभीर दोष’ या रकान्यात लिहिले : ‘आवाजातील रोगलक्षण ऐकणाऱ्यापासून दडवते.’ ऋतुजाने ते दोनदा वाचले.

“याला दोष कसं म्हणू, सर? हे तर ठरवल्यासारखंच काम करतंय.”

शेवटी सही त्याचा सहायक धैर्यशील याने केली. तो नजर चुकवत म्हणाला, “रागावू नका, सर. चाचणीच्या सगळ्या अटी पूर्ण होतात.” त्या अटी श्रेणिकने स्वतः घालून दिल्या होत्या, त्यामुळे त्याला रागावताही आले नाही. महिनाअखेरीस त्याने नोकरी सोडली आणि तो शिरोळला राहायला गेला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. अक्काच्या गळ्याच्या मुळाशी एक छिद्र राहिले. श्वास आता तिथून येई-जाई आणि तोंडापर्यंत हवाच पोहोचत नसे. ती शाळेतली जुनी पाटी घेऊन बसू लागली. श्रेणिकने भात करपवला की पाटीवर खडूचे टोक मोडेपर्यंत अधोरेखित केलेली वाक्ये उमटत.

मार्चमध्ये ऋतुजाने एक छोटे यंत्र पाठवले. त्यात अक्काच्या आवाजाचा साचा होता. अक्षरे टंकित केली, की यंत्र तिच्या आवाजात बोलणार होते. त्यामागे सद्भावना होती, याबद्दल श्रेणिकला शंका नव्हती. अक्काने चष्मा लावून एकेक अक्षर शोधत वाक्य भरले. यंत्र मधाळ स्वरात म्हणाले, “श्रेणिक, भांडी विसळून ठेव.”

अक्काने पाटी ओढली. “ही कोण बाई?”

“तूच आहेस, अक्का.”

“मी एवढी गोड असते, तर शाळा चालली नसती,” तिने लिहिले आणि यंत्र कपाटात टाकले.

तिला स्वतःच्या तोंडाने बोलायचे होते. त्यालाही एक मार्ग असतो. हवेचा घोट अन्ननलिकेत ओढून घ्यायचा आणि तो परत वर येताना त्याचे शब्द करायचे. तिथल्या स्नायूंची घडी थरथरते आणि स्वरतंतूंचे काम जेमतेम भागवते. मिरजेची वाचा-उपचार करणारी मुलगी तिला दर आठवड्याला ते शिकवू लागली. सुरुवातीला नुसते ढेकर निघत. कुसुम दारात बसून पोट धरून हसे, आणि अक्काही आवाजाविना खांदे हलवत हसे. जूनमध्ये तिच्या तोंडून पहिले स्पष्ट अक्षर फुटले. कुसुमकडे बोट रोखून ती म्हणाली, “गप!”

ऑगस्टमध्ये ती एका दमात दोन अक्षरे बोलू लागली. खडीवरून पोते ओढावे तसा तो आवाज होता. पण त्यात तिचा हेका, तिची जरब, तिची माया सगळे ओळखू येई. श्रेणिकला तो रोज ऐकायला मिळे. सन्मतीला शस्त्रक्रियेचे ठाऊक होते, पण ती बोलायला शिकते आहे, हे मात्र तिने त्याला कळू दिले नव्हते. महिनोन्‌महिने तो फोनवर मामाशी बोले आणि आईसाठी निरोप ठेवी. गळ्यातले छिद्र त्याला दिसू नये म्हणून ती पडद्यावर यायला तयार नसे.

एका रविवारी दुपारी ती फोन घेऊन श्रेणिकच्या समोर बसली आणि तिने मान हलवली. त्याने सन्मतीचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

“मामा, बोल. आई कशी आहे?”

“तिला तुझ्याशी बोलायचंय.”

“मामा, असली थट्टा नको.”

“थट्टा नाही. ऐक.”

अक्काने हवा गिळली. डोळे मिटले. “बाळा.”

दारातल्या कुसुमने पदर तोंडाला लावला. शस्त्रक्रियेनंतर इतके स्वच्छ अक्का कधीच बोलली नव्हती.

“हॅलो? मामा, देतोस ना फोन तिला?”

“दिलाय. तिनं हाक मारली तुला.”

“नाही आली. लाईन चांगली आहे, तू नीट ऐकू येतोस. पुन्हा सांग तिला.”

“बाळा.”

“काहीच नाही रे. नुसती शांतता आहे.”

श्रेणिकने फोन जवळ ओढला. “सन्मती, तुझा फोन नवा आहे?”

“हो, गेल्याच महिन्यात घेतला. का?”

त्याला कारण समजले. या आवाजात स्वरतंतूंचे कंपन नव्हते. त्या कंपनावरून माणूस ओळखणाऱ्या ‘सौम्य’च्या हिशेबी हा ढेकर होता, आणि खोकला, ढेकर, खाकरणे असल्या आवाजांचा मागमूसही ते ठेवत नसे.

“त्यातलं ‘सौम्य’ बंद कर.”

“कुठून बंद करू? इथं तसलं काही दिसतच नाही. थांब, मित्राचा नवा फोन घेतो, दुसऱ्या कंपनीचा आहे.” पावलांचा आवाज झाला, दोन माणसे परक्या भाषेत बोलली, आणि कॉल दुसऱ्या नंबरवरून आला. “हं, आता बोल, आई.”

अक्काने भावाकडे पाहिले. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. “बाळा.”

“आई? आई, तू आहेस ना तिथं? मामा, ती काही बोलतच नाही रे. दमली असेल तर राहू दे. तिला सांग, नंतर कधीतरी बोलू.”

अक्काने फोन श्रेणिकच्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाऊन पडून राहिली.

उच्चारलेली अक्षरे सहा. पलीकडे पोहोचलेली अक्षरे शून्य.